पाणी अडलंय कुठे, गळतंय कुठे: गोव्यातल्या घरांसाठी नळ-मोरी दुरुस्ती

सिंकमधलं पाणी उतरेनासं झालं की लगेच पावडर ओतू नका. आधी घरातल्या बाकीच्या मोऱ्या बघा. न्हाणीत बादलीभर पाणी ओता, कमोड फ्लश करा, बेसिनचा नळ सोडा. फक्त सिंकच अडलं असेल तर अडथळा सिंकखालच्या ट्रॅपमध्ये (थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भागात) किंवा तिथून बाहेर जाणाऱ्या दोन-तीन मीटर पाइपात आहे आणि तो बहुधा अर्ध्या तासात घरच्या घरी निघतो. पण फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील, किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की कमोडमधली पातळी चढत असेल, तर अडथळा पुढच्या मोठ्या लाइनीत, चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये आहे. मग सिंकमध्ये काहीही ओतलं तरी फरक पडणार नाही.

ही दोन मिनिटांची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. नळाच्या कामात पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी हात घातल्यामुळे.

सिंक

आपल्या स्वयंपाकघरात सिंक तुंबवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: वाटणाच्या नारळाचा चोथा, माशांची खवलं, सुंगटांच्या साली आणि भांड्यांचं तेल. एकटं तेल किंवा एकटा चोथा सहसा पाइप बंद करत नाही. तेलाचा थर पाइपाच्या आतल्या बाजूला बसतो आणि चोथ्याचे तंतू, खवलं त्याला चिकटत जातात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सिंक जास्त कुरकुरतं आणि दुपारी तेच सिंक बरं चालतं. असं होत असेल तर पाइपात चरबीचा थर आहे असं समजा.

सिंकखाली बाटलीसारखा ट्रॅप असेल तर त्याखाली बादली ठेवा. खालचा कप हाताने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा. पान्हा लावायची वेळ आलीच तर मध्ये फडकं धरा, नाहीतर प्लास्टिकचे आटे झिजतात. आतला गाळ काढा, जुन्या टूथब्रशने आतली नळी घासा, वॉशर पुसून जागच्या जागी बसवा. परत लावताना हातानेच घट्ट करा. गळतं म्हणून पान्ह्याने आणखी आवळलं की वॉशर वाकडा होतो आणि गळती वाढते. वॉशर कडक झाला असेल तर नवा घाला.

ट्रॅप स्वच्छ निघाला आणि तरी पाणी उतरत नसेल, तर अडथळा पुढच्या पाइपात आहे. सिंकसाठी बहुधा ३२ किंवा ४० मिलिमीटरची वेस्ट पाइप असते. रबरी पंप वापरताना सिंकमध्ये चार-पाच बोटं पाणी असू द्या आणि ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा. भोक उघडं राहिलं तर सगळा दाब तिथूनच निघून जातो. पंपाने काम होत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांकडून नेमकं हेच राहिलेलं असतं. पंधरा-वीस झटके द्या आणि शेवटचा झटका जोरात वर ओढा. त्यानेही झालं नाही तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाच मीटरची ड्रेन स्प्रिंग घ्या. ती एकाच दिशेने फिरवत आत सारा. अडथळ्याला लागली की ढकलू नका, तिथेच फिरवत राहा म्हणजे टोक त्यात रुतेल, मग बाहेर ओढा. नुसती ढकललीत तर गोळा पुढच्या एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या वळणावर, जाऊन आणखी घट्ट बसतो.

आता पावडरींबद्दल. कॉस्टिक सोडा चरबीवर खरोखर काम करतो, पण पाणी साठून राहिलेल्या सिंकमध्ये तो ओतला तर तिथेच तापतो आणि प्लास्टिकचा ट्रॅप मऊ पडतो. पुढे कोणी ट्रॅप उघडला तर ते पाणी त्याच्या हातावर पडतं. वापरायचाच असेल तर पाणी सावकाश का होईना उतरत असताना, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, पाकिटावर लिहिलंय तेवढाच. आधी ॲसिड ओतलेल्या मोरीत तो कधीही घालू नका. तसंच ब्लीच आणि ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो; बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि चरबी जागच्या जागी राहते. उकळतं पाणीही पीव्हीसीच्या पाइपात ओतू नका, सांधे वाकतात. हात जेमतेम सहन करील एवढं गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण आठवड्यातून एकदा सोडला तर थर बसायला वेळ लागतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे बारीक छिद्रांची स्टीलची जाळी आणि मासळी धुतलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता माडाच्या बुंध्यात ओतणं.

चेंबर उघडून बघा

घराबाहेरच्या चेंबरची झाकणं कुठे आहेत हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असायला हवं. अंगणात पेव्हर बसवताना ती बुजवली जातात आणि पुढे अडचण आली की सगळं अंगण उकरायची पाळी येते.

घराला सगळ्यांत जवळचं झाकण उघडा. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. भरलेलं असेल तर पुढचं उघडा. भरलेल्या शेवटच्या आणि कोरड्या पहिल्या चेंबरच्या मध्येच दोष असतो. काम तिथूनच करायचं, म्हणजे बांबूची लवचीक कांब किंवा प्लंबरचा रॉड अडथळ्याच्या जवळून घालता येतो. सगळी चेंबरं भरलेली असतील तर सेप्टिक टँक बघावा लागेल.

चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या पाइपाला दर मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार लागतो. कमी असेल तर घाण साचते. फार जास्त असेल तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते, म्हणून 'भरपूर उतार दिलाय' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर तेही तपासा. एकाच जागी वर्षातून दोन-तीनदा तुंबत असेल तर उतार किंवा मुळं, या दोनांपैकी एक कारण समजा. जुन्या चिनीमातीच्या किंवा सिमेंटच्या पाइपांचे सांधे उघडे पडले की माडाची आणि आंब्याची मुळं आत शिरतात आणि झाडूसारखी पसरतात. रॉडने ती तुटतात आणि पुन्हा वाढतात. कायमचा इलाज म्हणजे तेवढा तुकडा काढून रबर रिंगच्या सांध्याची पीव्हीसी पाइप टाकणं.

बंद घरातली दुर्गंधी

आपल्याकडे कितीतरी घरं मुंबईला किंवा परदेशात असलेल्यांची. चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडणारी. दार उघडल्याबरोबर घाण वास आला तर सेप्टिक टँक फुटला असं समजून घाबरू नका. न्हाणी ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच गटारातला वायू अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की हे पाणी वाळतं. प्रत्येक जाळीत दोन-दोन तांबे पाणी ओता, कमोड फ्लश करा, खिडक्या उघडा; तासाभरात वास जातो. घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडलं तर पाणी बरंच जास्त टिकतं. मुख्य कॉक बंद करायला विसरू नका.

पाणी ओतूनही वास राहिला तर न्हाणी ट्रॅपमधला कप काढून ठेवलेला आहे का ते बघा. साफ करताना काढलेला कप अनेकदा परत बसवलाच जात नाही.

गळका नळ आणि फ्लश

सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला सुमारे २० लिटर पाणी जातं. जुना फिरवायचा नळ असेल तर दुरुस्ती काही रुपयांची: आधी पाणी बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, वरचं हँडल काढा, पान्ह्याने नट सैल करून स्पिंडल बाहेर काढा. टोकाचा अर्धा इंची वॉशर बदला. ज्या पितळी कडेवर वॉशर बसतो तिच्यावर बोट फिरवा. खाच लागली तर नवा वॉशरही महिन्याभरात गळेल, तेव्हा नळच बदला. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांचा कार्ट्रिज असतो. तो पूर्ण बदलावा लागतो आणि दात व लांबी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून जुना कार्ट्रिज खिशात घालूनच दुकानात जा.

नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा: आट्यांचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, आठ ते बारा वेढे, ताणून. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना टेप सोलून बाहेर येते. प्लास्टिकच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये पितळी नळ जोरात आवळू नका, फिटिंगला चीर जाते आणि ती भिंतीच्या आत असते. नळ बसेल त्या जागी पितळी आटे असलेलंच फिटिंग वापरायला सांगा. थोडं महाग पडतं, पण फरशी फोडण्याहून कितीतरी स्वस्त.

फ्लशच्या टाकीची गळती दिसत नाही, कारण पाणी गुपचूप कमोडच्या मागच्या बाजूने उतरतं. टाकीत अर्धी वाटी सोलांचं आगळ ओता आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये लाल रंग दिसला तर खालचा रबरी वॉशर गळतोय. नंतर दोन वेळा फ्लश करून आगळ धुऊन काढा. बहुतेक टाक्यांतला मधला व्हाल्व्ह पाव फेरा फिरवला की निघतो. वॉशर आणि बैठक पुसून परत बसवा. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरांत त्यावर तांबूस थर सापडेल. जांभ्यातून येणाऱ्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोह असतं. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं आणि छतावरच्या टाकीत हवा लागली की तांबडा गाळ खाली बसतो. हाच गाळ बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हाल्व्ह) अडकवतो आणि शॉवरची भोकं बुजवतो. विहिरीचं पाणी असेल तर टाकी वर्षातून दोनदा धुवा आणि टाकीची आउटलेट तळापासून चार बोटं वर घ्या.

समुद्राजवळच्या गावांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बेसिन आणि कमोडखालच्या स्टीलच्या विणीच्या कनेक्शन पाइपा खाऱ्या हवेत नटाजवळ गंजतात आणि घरात कोणी नसताना फुटतात. विणीवर तांबडे ठिपके दिसले की लगेच बदला. मागताना ३०४ दर्जाचं स्टील आणि पितळी नट मागा.

पाणी बारीक येतंय

एकाच नळाला बारीक येत असेल तर टोकाची जाळी काढून गाळ झटका, बस्स. सगळ्या नळांना येत असेल तर टाकीपासून सुरुवात करा: आउटलेटचा व्हाल्व्ह पूर्ण उघडा आहे का, टाकीत गाळ आहे का. टाकीचं पाणी नळापेक्षा जेवढे मीटर वर, त्याच्या दहाव्या भागाइतका किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला) मिळतो. तीन मीटरला ०.३ किलो. एकमजली घराच्या छतावरची टाकी मोठ्या शॉवरला पुरत नाही हा दोष प्लंबरचा नव्हे. टाकी दीड-दोन मीटर उंच स्टँडवर चढवा किंवा लहान प्रेशर पंप बसवा, पण पंप टाकीनंतरच्या लाइनीवर. पाणीपुरवठा खात्याच्या मीटरला थेट पंप जोडणं बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्याचं पाणी तोडणारं आहे.

टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर पाणी आलंच नाही तर लाइनीत हवा अडकली आहे. सगळ्यांत खालचे नळ पूर्ण उघडून दहा मिनिटं थांबा. वारंवार होत असेल तर टाकीच्या आउटलेटनंतर लगेच, टाकीहून उंच जाणारी अर्धा इंची हवेची नळी लावून घ्या.

भिंत ओली: पाइप की पाऊस?

जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत वाळणारी ओल बहुधा बाहेरून, चिऱ्यांतून आणि गिलाव्याच्या भेगांतून येते. एप्रिलच्या कडक उन्हातही भिंत ओली असेल तर पाइप बघा. खात्याचं पाणी येत असण्याच्या वेळेत सगळे नळ बंद करा, टाकीचा बॉलकॉक दोरीने वर बांधा आणि मीटरमधलं लहान चाक बघा. ते फिरत असेल तर मीटर ते टाकी या लाइनीत गळती आहे. ते थांबलेलं असेल तर रात्री टाकीतल्या पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, कुणीही पाणी वापरू नका, सकाळी बघा. पातळी खाली गेली तर टाकीनंतरची लाइन. दोन्ही ठीक असेल तर न्हाणीघराची फरशी उरते: जाळीचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, दोन बोटं पाणी साठवा, कडेला पेन्सिलने खूण करा आणि २४ तास थांबा; पाणी खुणेखाली गेलं तर फरशीतून मुरतंय.

सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसीच्या सांध्यातली गळती बाहेरून एम-सील थापून थांबत नाही, आतला दाब ते ढकलून देतो. तुकडा कापून नवा सांधा करावा लागतो. पाइप सरळ कापा, काठावरचा खरखरीतपणा घासून काढा, पाइप आणि फिटिंग दोन्हीला सॉल्व्हंट लावा, आत घालून पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप आपोआप मागे सरकते. शक्यतो दुसऱ्या दिवशीच पाणी सोडा. सीपीव्हीसीचा सॉल्व्हंट वेगळा आणि यूपीव्हीसीचा वेगळा. गीझरच्या लाइनीला सीपीव्हीसीच हवी. उन्हातली पांढरी पाइप कालांतराने ठिसूळ होते; तिला पाण्यात मिसळणारा हलका रंग द्या.

सेप्टिक टँक: मृगाआधी

पावसात कमोड उतरत नाही ही तक्रार गोव्यात दर जुलैला ऐकू येते. टँक भरलेला नसताही असं होतं. जमिनीतलं पाणी वर आलं की सोकपिटातून (टँकचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यातून) पाणी जिरायला जागाच उरत नाही. खाजनाच्या कडेच्या आणि सखल घरांना हा त्रास सर्वांत जास्त. सड्यावर उलट: जांभ्याच्या भेगांतून पाणी झटकन जातं आणि विहिरीला जाऊन मिळतं. सोकपिट आणि विहीर यांत किमान १८ मीटर अंतर ठेवा आणि विहीर उताराच्या वरच्या बाजूला असू द्या.

टँक उपसायचा तो एप्रिल-मे महिन्यात. भर पावसात रिकामा केला तर चार दिवसांत बाहेरचं पाणी आत येतं, आणि प्लास्टिक-फायबरचा रिकामा टँक खालच्या पाण्याच्या रेट्याने वर उचलला जातो, पाइपा तुटतात. उन्हाळ्यातही उपसल्यावर लगेच पाणी भरा. दोन-तीन वर्षांतून एकदा उपसणं योग्य. तळाचा गाळ टँकच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की वेळ झाली. छपराच्या पागोळ्यांचं पाणी चेंबरमध्ये सोडलेलं असेल तर आधी ते वेगळं करा. निम्मी घरं एवढ्यानेच सुटतील असं नाही, पण जी सुटतील त्यांचा टँकरचा खर्च वाचेल.

टँकमध्ये माणूस उतरवू नका, कोणी तयार असला तरी नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासांत शुद्ध हरपवतो आणि वाचवायला उतरणाराही आतच राहतो. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये ठरवली. उघड्या टँकजवळ काडी ओढू नका, मुलांना लांब ठेवा.

टँकरवाल्याला फोनवरच विचारा: टँकरची क्षमता किती लिटर, रस्त्यापासून टँकपर्यंत होस पोचेल का, दोन्ही कप्पे उपसणार का, आणि मैला कुठल्या प्रक्रिया केंद्रात नेणार. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा बघा. तो मैला कुठल्यातरी व्हाळात जातो, आणि तो व्हाळ कुणाच्या तरी विहिरीजवळून वाहतो. पणजी, मडगाव, वास्को इथल्या ज्या भागांत मलनिस्सारण वाहिनी दारापर्यंत आली आहे, तिथे जोडणी घेणं हाच उत्तम उपाय.

प्लंबरला कधी आणि कसं बोलवायचं

भिंतीच्या आतली गळती, सगळी चेंबरं भरलेली, कमोड मुळापासून हलणं, गीझरची लाइन: ही कामं माहीतगार माणसाचीच. मीटर आणि त्याआधीच्या पाइपाला घरच्यांनी किंवा खासगी प्लंबरने हात लावू नये, त्यासाठी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार द्या. नव्या जोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो.

बोलवताना 'नळ गळतो' एवढंच सांगू नका. कुठला नळ, कधीपासून, वरच्या तपासण्यांत काय दिसलं ते सांगा आणि फोटो पाठवा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि दोन फेऱ्या वाचतील. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात चांगला माणूस मिळणं कठीण, म्हणून घर उघडायची तारीख ठरली की आधी त्याला फोन करा.

दर ठरवताना सामान धरून की मजुरी वेगळी, फरशी फोडली तर परत बसवणार कोण, डेब्रिज नेणार कोण, हे कागदावर घ्या. पाइपा आणि फिटिंग एकाच कंपनीच्या असाव्यात, मापात सूक्ष्म फरक असतो. भिंत बुजवण्याआधी हातपंपाने पाच-सहा किलो दाब देऊन निदान एक तास काटा हलत नाही ना ते उभं राहून बघा. त्याच वेळी उघड्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे आरसा टांगायला ड्रिल मारताना पाइप नेमकी कुठे आहे ते या फोटोंवरून कळेल.